फाउंडेशन कडक केलं की गाडी सुधारते?

क्लचच्या शेजारचा, पण एरवी कोणाच्या नजरेत न भरणारा भाग म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सचं माउंटिंग, गॅरेजच्या बोलीत फाउंडेशन. कंपनीचं रबर काढून कडक पॉलियुरेथेन बसवलं की गिअर नेमका पडतो, झटके कमी होतात आणि पिकअप वाढतो, असं मॉडिफिकेशनवाले छातीठोकपणे सांगतात. पहिल्या दोन गोष्टी बऱ्याच अंशी खऱ्या आहेत, तिसरी नुसता भास. तरीही रोजच्या वापराच्या गाडीत सगळीच फाउंडेशनं कडक करणं हा तोट्याचा सौदा आहे, असं माझं मत आहे.

रबरावर बसवलेल्या इंजिनाची स्वतःची एक डोलण्याची लय असते; ती सेकंदाला सुमारे 10 वेळा धरू. हादरे या लयीच्या साधारण 1.4 पटीहून जलद असतील, तरच रबर ते बॉडीपर्यंत जाण्याआधी जिरवतं. 800 आरपीएमच्या आयडलिंगला चार सिलिंडरचं इंजिन सेकंदाला 27 ठोके देतं, तीन सिलिंडरचं 20. दोन्ही 14 च्या वर, म्हणून स्टिअरिंग शांत राहतं. आता फाउंडेशन चौपट ताठ केलं तर ही लय दुप्पट, म्हणजे 20 वर जाते. तीन सिलिंडरच्या गाडीत ठोके आणि लय नेमके एकमेकांवर येतात. सिग्नलला उभं असताना आरसा थरथरतो, डॅशबोर्डचं प्लास्टिक वाजू लागतं. चार सिलिंडरचीही फारशी सुटका नाही, कारण आता 28 च्या वर गेल्याशिवाय हादरे कमी होतच नाहीत.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की कंपन्या पैसे वाचवायला मऊ रबर घालतात. इतिहास उलट सांगतो. क्रायस्लरने 1931 साली प्लिमथ गाडीत इंजिन रबरावर तोलून बसवलं, ते चार सिलिंडरच्या इंजिनाची थरथर लपवायला. सित्रोएनने ते तंत्र परवान्यावर घेतलं आणि जाहिरातीत चक्क पाण्यावर तरंगणारा हंस दाखवला. आजचं द्रव भरलेलं हायड्रॉलिक माउंटिंग तर साध्या रबरापेक्षा महागच पडतं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: इंजिन हललं तर ताकद वाया जाते, शिवाय धोकाही असतो. धोका खराच. फाउंडेशन तुटून इंजिन उचललं जातं आणि थ्रॉटल अडकू शकतो, म्हणून 1971 मध्ये जनरल मोटर्सला 67 लाखांच्या आसपास शेव्हरोले परत बोलवाव्या लागल्या. पण त्यावरचा उपाय बघा: रबर कडक केलं नाही, इंजिन मर्यादेबाहेर उचललं जाऊ नये म्हणून पोलादी दोर लावला. ताकदीचं म्हणाल तर रबर एकदा पिळलं की पुढचा सगळा टॉर्क चाकांनाच मिळतो. उशीर होतो तो पहिल्या क्षणी, आणि पायाला तोच जाणवतो.

हा पीळ मात्र लहान नसतो. आडव्या इंजिनाच्या फ्रंट-व्हील-ड्राइव्ह गाडीत 110 न्यूटन-मीटरचा टॉर्क पहिल्या गिअरमध्ये, एकूण 14 च्या गुणोत्तराने, दीड हजारांवर जातो आणि त्याची उलट प्रतिक्रिया फाउंडेशनवरच येते. ती मुख्यतः पेलतो खालचा टॉर्क रॉड. म्हणून हौस असेलच तर फक्त त्याचा बुश थोडा कडक घ्यावा. वजन उचलणारी बाजूची फाउंडेशनं कंपनीचीच ठेवावीत. आयडलिंगला थोडी थरथर वाढेल, पण सगळी बदलल्याइतकी नाही. ट्रॅकवरच्या गाडीचा हिशोब अर्थातच वेगळा. तिथे आरसा थरथरला म्हणून कोणी रडत नाही.

‘बदलल्यावर गाडी नव्यासारखी झाली’ ही साक्षही तपासून घ्यावी. बहुतेक वेळा तुलना बसलेल्या, भेगाळलेल्या रबराशी असते. तिथे कंपनीचं नवं रबरही तोच चमत्कार करतं. म्हणून आधी टॉर्च घेऊन खाली बघा: हायड्रॉलिक माउंटिंगखाली काळपट ओघळ आहे का, टॉर्क रॉडचं रबर धातूपासून सुटलंय का. आणि नवीन बसवताना बोल्ट शेवटचे आवळायचे ते इंजिनाचं वजन रबरावर नीट टेकल्यावरच. जॅकवर अधांतरी असताना आवळले, तर नव्या रबराला कायमचा पीळ बसतो आणि ते मुदतीआधीच फाटतं.