कोलकात्याची कोवळी झाडे आणि हिवाळ्यातील हवा

नागरी विकासाच्या योजनांमध्ये वृक्षारोपणाचे उद्दिष्ट ठरलेले असते आणि कागदोपत्री ते बहुधा पूर्णही होते. मात्र लावलेल्या रोपांपैकी तीन वर्षांनंतर किती जिवंत आहेत, याची नोंद क्वचितच ठेवली जाते. अर्थशास्त्राच्या दृष्टीने ही उणीव गंभीर आहे. झाडावरील बहुतेक खर्च पहिल्या दोन-तीन वर्षांत होतो. सावली, धुळीला अटकाव आणि तापमानातील घट हे लाभ मात्र पुष्कळ वर्षांनी पदरात पडतात. तिसऱ्या वर्षी वाळलेले रोप म्हणजे निव्वळ खर्च होय.

कोलकात्यात ही समस्या अधिक तीव्र का होते, हे पाहू. पश्चिम बंगालमध्ये जुलैतील ‘अरण्य सप्ताहा’त मोठ्या प्रमाणावर रोपे लावली जातात. पावसात ती तरारतात. पण मुळे पुरती स्थिरावण्याआधीच हिवाळा येतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात पाऊस जवळजवळ नसतो, वारा मंदावतो आणि जमिनीलगतची थंड हवा वरच्या उबदार थराखाली कोंडली जाते. वाहनांचा धूर व बांधकामांची धूळ तेथेच तरंगत राहते. ही धूळ पानांवर बसून प्रकाश अडवते, पर्णरंध्रे बुजवते. उघड्या रंध्रांतून शिरणारे सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजन डायऑक्साइड व ओझोन हे वायू हरितद्रव्याची हानी करतात. जुन्या वृक्षाचा पर्णसंभार उंचावर असतो, शिवाय खोडात व मुळांत अन्नाचा साठा असतो. रोपाची सारी पाने मात्र धुराड्याच्या पातळीवर, आणि गाठीला शिल्लक काहीच नाही.

जमिनीखालची स्थितीही फारशी बरी नाही. गंगेच्या गाळाची चिकणमाती पदपथाखाली दाबली गेली, वर बुंध्यापर्यंत काँक्रीट आले, की मुळांना पाणी व हवा दोन्ही मिळत नाहीत. २० मे २०२० रोजी अम्फान चक्रीवादळात शहरातील हजारो झाडे कोसळली, त्यामागे वाऱ्याच्या वेगाइतकीच उथळ, कोंडलेली मुळेही होती. झाडांभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवण्याचा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीसंदर्भात २०१३ सालीच दिला होता.

प्रदूषण सोसणारी जात निवडणे हा सर्वमान्य उपाय आहे. पानातील अॅस्कॉर्बिक आम्ल, हरितद्रव्य, पानाच्या अर्काचा सामू आणि जलांश यांवरून सहनशीलता मोजण्याची पद्धत सिंग व राव या भारतीय संशोधकांनी १९८३ मध्ये मांडली आणि ती आजही वापरात आहे. कोलकात्यात छातिम, म्हणजे आपली सातवीण, हा राज्यवृक्षच हाताशी आहे. (बंगाली माणूस ‘देवदारू’ म्हणून दाखवतो तो मात्र हिमालयातील देवदार नव्हे, तो आपला खोटा अशोक!) तथापि सहनशीलता म्हणजे आरोग्य नव्हे. जर्मनी व चेक प्रजासत्ताकाच्या सीमेवरील पर्वतांत हलक्या प्रतीचा कोळसा जाळणाऱ्या वीजकेंद्रांच्या धुराने स्प्रूसची जंगले वाळली, तेव्हा तेथे धूर सोसणारा अमेरिकेतील निळा स्प्रूस लावण्यात आला. पुढे हवा निवळली. परंतु त्या लागवडीलाच कळ्यांच्या बुरशीने ग्रासले. एकाच जातीवर विसंबणे असे महागात पडते.

आता मूल्याचा प्रश्न. बारासात ते पेट्रापोल या जेसोर रोडवरील रेल्वे उड्डाणपुलांसाठी ३५६ झाडे तोडण्यास कोलकाता उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये, एका झाडामागे पाच झाडे लावण्याच्या अटीवर, अनुमती दिली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने झाडाचे मूल्य त्याच्या वयाच्या प्रत्येक वर्षामागे ७४,५०० रुपये ठरवले. त्यातील मोठा वाटा प्राणवायूच्या किमतीचा होता. अखेर २०२३ मध्ये तोडीस परवानगी मिळाली.

मूल्यांकनाचा हा प्रयत्न स्वागतार्ह असला, तरी प्रस्तुत लेखकास त्यातील दोन गोष्टी पटत नाहीत. वातावरणात विपुल असलेल्या प्राणवायूला बाजारभाव लावून झाडाचे खरे दुर्मीळ योगदान, म्हणजे सावली व गारवा, झाकोळले जाते. दुसरे, पहिल्या व शंभराव्या वर्षाला एकच दर लावता येत नाही. ‘एकास पाच’ या सूत्रातही हाच दोष आहे. उदाहरणादाखल, दरवर्षी ३० टक्के रोपे मरतात असे धरले, तर पाच रोपांपैकी तीन वर्षांनी सरासरी पावणेदोनच उरतात. मरण १० टक्क्यांवर आणले, तर साडेतीनहून अधिक. रोपांची संख्या दुप्पट करण्यापेक्षा हे दुसरे काम सहसा स्वस्त पडते. त्यासाठी लागते ते हिवाळ्यात पाने धुण्यापुरते पाणी, मोकळे आळे आणि आधाराची काठी.

२०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात कोलकात्याचा समावेश आहे आणि पंधराव्या वित्त आयोगानेही दशलक्षाहून अधिक लोकवस्तीच्या शहरांसाठी हवेच्या गुणवत्तेशी निगडित अनुदानाची शिफारस केली होती. अशा निधीतून होणाऱ्या लागवडीच्या कंत्राटात देयकाचा निम्मा भाग तिसरा हिवाळा उलटल्यावर, मार्चमध्ये जिवंत रोपे मोजून द्यावा. मोजणी पालिकेने न करता स्थानिक महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र विभागांकडे सोपवावी आणि प्रभागवार आकडे जाहीर करावेत.