ओळख कोण देतं?

‘ओळख’ हा आपला शब्द मोठा गमतीचा आहे बघा. रस्त्यात कुणी भेटलं आणि आपण मान फिरवली, तर लोक म्हणतात, ‘साधी ओळखसुद्धा दिली नाही.’ म्हणजे ओळख दुसऱ्यानं द्यावीही लागते. हेगेलला हे सांगायला पुष्कळ पानं लागली, मराठीत एका क्रियापदात काम झालं!

१९७८ साली दया पवारांचं ‘बलुतं’ आलं. त्यात दगडू मारुती पवार आपली कहाणी सांगतो आणि ती ऐकणारा असतो दया पवार. माणूस एकच. एक नाव महारवाड्यातलं, दुसरं लिहून कमावलेलं. या दोघांची गाठ घालून पुस्तक सुरू होतं. ‘मी कोण’ हा प्रश्न इथे हवेतला राहत नाही, कारण शहरात नोकरी करणाऱ्या दयाला दगडू सोडत नाही.

फोटोची गोष्ट वेगळी. फोटोतला माणूस ‘मी’ म्हणत नाही, कॅमेरा दुसऱ्याच्या हातात असतो. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे कृष्णधवल फोटो काढले. गटारात उतरलेली, कचऱ्यात उभी असलेली माणसं. दुसऱ्याचं दुःख भिंतीवर टांगायचं का, असा आक्षेप घेता येतो आणि तो मला क्षुल्लक वाटत नाही. तरी हे फोटो हवेत, असं माझं मत आहे. आपण मुलुंडकरांचंच बघा. डम्पिंग ग्राउंडच्या वासाची तक्रार आपण वर्षानुवर्षं केली, रास्तच होती. पण त्या तक्रारीत तिथे राबणारा माणूस कितीदा आला? फोटो नाकासमोर धरला की ‘दिसलं नाही’ म्हणता येत नाही.

फोटोमुळे कायदा झाला, असं मी म्हणणार नाही. हातानं मैला साफ करायला लावण्यावर बंदी घालणारे कायदे १९९३ आणि २०१३चे. गटारात मेलेल्यांच्या कुटुंबाला दहा लाख द्या, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली सांगितलं, २०२३ साली तीस लाख केले. तरी माणसं गटारात मरतातच.

म्हणून मला फोटोखालची ओळ फार महत्त्वाची वाटते. तिथे नुसतं ‘सफाई कामगार’ लिहिलं, की दगडू पुन्हा जातीपुरता उरला. आता तुमच्या प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. अंधेरीत, घाटकोपरात नालेसफाई चाललेली दिसली, तर फोटोआधी नाव विचारा. खाली काय लिहू, तेही त्यालाच विचारा. तो ‘काढू नका’ म्हणाला, तर फोन खिशात ठेवा आणि नुसतं बोला.