वेढा दिसला की कळ टाळता येते

कोलोनोस्कोपी, म्हणजे नळी घालून मोठ्या आतड्याची आतून तपासणी, सांगितली की बहुतेकांचा पहिला प्रश्न, ‘पूर्ण गुंगी देणार ना?’ भीती रास्तच आहे. पण दुखतं नेमकं कशानं, हे समजून घेतलं तर औषध कमी करण्याची वाटही दिसते.

मोठ्या आतड्याच्या अस्तराला कापल्याचं दुखत नाही. अस्तरावरची गाठ (पॉलिप) काढली तरी सहसा कळत नाही. दुखतं ते आतडं ताणलं गेलं की. गुदाशयाच्या वर सिग्मॉइड हा सैल, वळणांचा भाग असतो, पोटाच्या मागच्या भिंतीला एका पातळ पडद्यानं धरलेला. डॉक्टर नळी पुढे सारतात, पण टोक जागीच राहतं आणि मधली नळी, बागेतला पाइप ढकलताना वाकावा तशी, वेढा घेते. पडदा ताणला जातो आणि कळ येते. आत भरलेल्या हवेनंही दुखतं, पण मोठा वाटा या वेढ्याचा.

अडचण अशी, की कॅमेरा असतो नळीच्या टोकाला. त्याला समोरचं दिसतं, मागे पडलेला वेढा दिसत नाही. पूर्वी तो पाहायचा तर क्ष-किरणच लागत. १९९३ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी चुंबकीय पद्धत मांडली. पुढे ऑलिंपस कंपनीनं ती ‘स्कोपगाइड’ नावानं आणली. नळीत थोड्या थोड्या अंतरावर तारेची बारीक वेटोळी बसवलेली असतात. त्यांचं क्षीण चुंबकीय क्षेत्र खाटेशेजारची थाळी टिपते आणि संगणक नळीचा अख्खा आकार त्या क्षणी पडद्यावर काढतो. किरणोत्सर्ग अजिबात नाही.

आता वेढा पडू लागला की तो दिसतो. डॉक्टर आणखी ढकलत नाहीत. नळी बहुधा उजवीकडे पिळत हळूहळू मागे ओढतात. पडद्यावरचा फास उलगडून रेघ सरळ होते आणि पोटातला ताण तिथल्या तिथे उतरतो. पोटावर हात दाबून नळीला आधार देणाऱ्या सिस्टरचं काम मला यात फार मोलाचं वाटतं. एरवी तिला अंदाजानं दाबावं लागतं. इथे तिच्या हाताची जागाही पडद्यावर दाखवता येते. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयाच्या अभ्यासात (‘लॅन्सेट’, २०००) चित्र समोर असताना वेढे कमी प्रयत्नांत सुटले आणि हाताचा दाबही अधिक उपयोगी पडला. मुरलेल्या हातांना याचा फायदा कमी, शिकाऊ डॉक्टरांना जास्त.

कळ कमी झाली की गुंगीचं औषधही कमी पुरतं, आणि औषध कमी म्हणजे श्वास मंदावण्याचा धोका कमी. शिवाय ‘कुशीवर वळा’ म्हटलं की रुग्ण स्वतः वळतो. वयस्कर किंवा फुप्फुसांचा त्रास असलेल्या माणसाला याचं महत्त्व अधिक. तरीही आधीच्या शस्त्रक्रियेमुळे आतडी चिकटलेली असतील किंवा मनात धास्ती असेल, तर गुंगी मागण्यात कमीपणा नाही. सलाइनची सुई लावलेली असली की औषध मधेही देता येतं; ‘दुखलं तर थांबाल ना?’ हे आधीच विचारून घ्यावं. पेसमेकर असेल तर तेही आधीच सांगावं, कारण चुंबकीय क्षेत्रामुळे त्या रुग्णांवर हे यंत्र सहसा वापरत नाहीत.