धाब्याचा गारवा, धाब्याचे ओझे

वाशीम, कारंजा, रिसोड या आमच्या मुलखात जुने घर म्हणजे मातीच्या जाड भिंती आणि वर धाबे. वैशाखात पारा 42 अंशांवर चढला, तरी माजघरात पंख्याची आठवण होत नाही. जाड माती ऊन सावकाश आत सोडते. तोवर सांज होते. विजेच्या बिलावाचून मिळणारी ही थंडाई म्हणजे वाडवडिलांची पुण्याईच!

पण गळती थांबावी म्हणून दर मृगाआधी जुन्या मातीवर नवी माती पडते. दहा बाय दहाच्या खोलीवर फूटभर थर म्हणजे सुमारे साडेचार टन. भिजला की आणखी जड. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे लातूर जिल्ह्यातील किल्लारीला असल्याच जड छपरांखाली माणसे झोपेत गाडली गेली.

मग काय, धाबे उतरवून टिनपत्रे ठोकायची? मे महिन्यात घराची भट्टी होईल! मी म्हणतो, आधी जुना थर खरवडून काढा, मगच नवा घाला. वाळवीने पोखरलेली कडी बदला. टिन घातलेच असेल, तर वरून चुन्याचा हात द्या, खाली बांबूच्या तट्ट्याचे छत करा.

आणि वाचकहो, पावसाचे ओले डाग अजून दिसताहेत. दिवाळीचा रंग त्यांवर चढण्याआधी एकदा तुळया निरखून घ्या.