मैंदर्गीच्या वाड्यांत परदेशची आई

दत्तक हा शब्द आमच्या वाचकांच्या घरांत नवा नाहीं. बहुतेक जुन्या घराण्यांच्या वंशावळींत कोठें ना कोठें एखाद्या नांवापुढें तो लिहिलेला आढळतोच. परंतु त्या दत्तकाची चौकट ठरलेली असे. मुलगाच हवा, शक्य तों आपल्याच कुळांतील हवा, आणि त्यास विधिपूर्वक देणारे आईबाप हवेत. देणारेंच कोणी नसल्यामुळें अनाथ बालकास जुन्या धर्मशास्त्राप्रमाणें दत्तक घेतां येत नसे. घराण्यास पिंडदाता हवा म्हणून मूल आणावयाचें. मुलास घर हवें म्हणून नव्हे, असा तो एकंदर हिशेब होता. हा हिशेब उलटा होतांना आम्हीं गेल्या उन्हाळ्यांत आमच्याच मैंदर्गीच्या वाड्यांत पाहिला.

मैंदर्गी हें अक्कलकोट तालुक्यांतील, कर्नाटकाच्या सीमेजवळचें लहानसें गांव. घरांत मराठी व बाजारांत कानडी, अशी आमची रीत. आमचा पुतण्या नोकरीनिमित्त कित्येक वर्षें कॅनडांत असतो. त्याची पत्नी तिकडचीच. मराठीचें एक अक्षरही तिला येत नव्हतें. उभयतांस मूल नाहीं, व दत्तक घ्यावयाचें तें भारतांतूनच, असा दोघांचा निश्चय. तिकडील अधिकृत संस्थेनें प्रथम त्यांचें घर पाहिलें, मिळकत पाहिली, प्रकृति तपासली, पोलिसांचा दाखला मागितला, आणि मूल कशासाठीं हवें हें दोघांस एकेकटें बसवून विचारलें. आपल्याकडे वधूपरीक्षेंतही इतके प्रश्न कोणी विचारीत नसेल! तो अहवाल दिल्लीच्या केंद्रीय दत्तक प्राधिकरणाकडे गेला, आणि मग वाट पाहणें सुरू झालें. तें तीन वर्षें चाललें.

शेवटीं एके दिवशीं एका मुलीचें छायाचित्र व तिच्या प्रकृतीचा अहवाल त्यांच्या हातीं आला. वय अडीच वर्षें; ओठ जन्मतः दुभंगलेला; एक शस्त्रक्रिया झालेली, दुसरी व्हावयाची. कायद्याप्रमाणें अशा मुलास आधीं देशांतच घर शोधावें लागतें. तें मिळालें नाहीं, म्हणूनच तें छायाचित्र सातासमुद्रांपलीकडे गेलें होतें. त्या गोष्टीचा अर्थ तेव्हां आम्हांस नीट उमगला नाहीं.

उभयतां चैत्रांत येथें आलीं. प्राधिकरणाचें ना-हरकत पत्र आलें होतें, जिल्हादंडाधिकाऱ्यांचा आदेश व्हावयाचा होता. या मधल्या काळांत मूल संगोपनासाठीं भावी आईबापांच्या स्वाधीन करण्याची सोय कायद्यांत आहे. त्याप्रमाणें मुलीस घेऊन तीं आमच्याकडे राहिलीं. मुलगी मराठी बोले, आई इंग्रजी. आणि दोघींमध्यें दुभाषी कोण, तर आमच्या शाऐंशी वर्षांच्या मातोश्री, ज्यांना इंग्रजी येत नाहीं!

पहिले चार दिवस मुलीनें आईकडे पाहिलेंही नाहीं. दिवसां ती ओसरीवरच्या खांबास धरून उभी राही. रात्रीं झोंपेच्या वेळीं हातानें चांचपून कांहींतरी शोधी, व तें न सांपडल्यानें रडूं लागे. आई तिच्याशेजारीं जमिनीवर बसून राही, पण उपाय सुचत नसे. पांचव्या रात्रीं मातोश्रींच्या ध्यानांत आलें. आमच्या पत्नीस त्या म्हणाल्या, "अग, ती पदर शोधते आहे. आश्रमांतल्या बाईच्या पदराला धरून निजायची संवय असेल. हिच्या अंगावर पदर आहे कुठें?" आणि आपलें एक धुवून मऊ झालेलें लुगडें त्यांनीं सूनबाईच्या खांद्यावर टाकलें. त्या रात्रीं पदराचें टोंक मुठींत धरून मुलगी झोंपली. पुढें रोज रात्रीं सूनबाई आपल्या तिकडच्या पोषाखावरूनच तें लुगडें पांघरून निजूं लागली.

भेटीस आप्तमंडळी येत. चहा झाला कीं आवाज खालीं आणून एकच प्रश्न विचारीत: "कुळाचें कांहीं कळलें का?" आमच्यापाशीं उत्तर नव्हतें, आणि खरें सांगावयाचें तर तो प्रश्न आमच्याही मनांत होता. एके दुपारीं एका वृद्ध आप्तांनीं तो उघडच विचारला. मातोश्री शेंगांची चटणी कुटीत बसल्या होत्या. हातांतलें काम न थांबवितां त्या म्हणाल्या, "लग्नाच्या दिवशीं माझें गोत्र बदललें, तेव्हां मला कुणी विचारलें नव्हतें. दत्तक गेलेल्याला घेणाऱ्या बापाचें गोत्र लागतें, हें तुम्हीं पुरुषांनींच आम्हांला सांगितलेंत ना? मग हिच्यापुरता न्याय वेगळा कशाला?" शास्त्राचा आधार आम्हांस इतक्या वेळेवर खचित सांपडला नसता. त्या दिवसापासून आमच्या घरांत तरी तो प्रश्न निघाला नाहीं.

अडचण आली ती कागदांची. एका कचेरींतून प्रकरण परत आलें, कारण एका दाखल्यांत नांवाचें एक अक्षर कमी होतें. पुतण्याची रजा संपली व तो परत गेला. सूनबाई एकटीच राहिली. वैशाखाचें ऊन, परकी भाषा, ज्वारीची भाकरी, आणि रोज सोलापुरांतून निरोपाची वाट. एकदां तिनें आम्हांस विचारलें, "कागद पुरे झाले नाहींत, तर मला हिला परत द्यावें लागेल काय?" काय बोलावें, तें आम्हांस कळेना. आम्ही कचेरीवर संतापलों. एका अक्षरासाठीं एवढा खोळंबा! तेव्हां तिनेंच आम्हांस शांत केलें. ती म्हणाली, "मुलगी मोठी झाल्यावर हे कागद वाचील. त्यांत कांहीं चुकीचें निघालें, तर मी तिला न्याय्य मार्गानें आणलें कीं नाहीं, अशी शंका तिला येईल. एक महिना उशीर मी सोशीन. ती शंका मला सोसणार नाहीं."

तिचें बोलणें मनांत राहिलें, म्हणून आम्हीं या विषयाचा मागोवा घेतला. पुण्यांत जोतीराव फुल्यांनीं बालहत्या-प्रतिबंधक गृह १८६३ सालीं काढलें, व एका ब्राह्मण विधवेच्या मुलास, यशवंतास, आपला पुत्र मानून वाढविलें. आमच्याच जिल्ह्यांत, पंढरपुरास, प्रार्थना समाजानें १८७५ सालीं टाकून दिलेल्या बालकांसाठीं आश्रम उघडला. तेथील न्यायाधीश लालशंकर उमियाशंकर यांचा त्यांत पुढाकार होता. म्हणजे टाकलेलीं मुलें वांचविण्याची परंपरा आपली जुनीच आहे. मुलींस दत्तक घेण्याचा मार्ग मात्र १९५६ च्या कायद्यानें मोकळा झाला. परदेशीयांस त्या कायद्याचा उपयोग नव्हता. ते १८९० च्या पालकत्वाच्या कायद्याखालीं न्यायालयांतून मुलाचे पालक म्हणून नेमले जात, व दत्तविधान आपल्या देशीं जाऊन करीत. मध्यें मुलाचें काय होतें, हें पाहणारें फारसें कोणी नसे.

१९८२ सालीं लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनीं सर्वोच्च न्यायालयास या व्यवहारांतील गैरप्रकारांविषयीं पत्र लिहिलें. त्यावरून न्यायमूर्ति भगवती यांनीं ६ फेब्रुवारी १९८४ रोजीं जो निर्णय दिला, तोच पुढील सर्व नियमांचा पाया आहे. आधीं देशांतील घर, मग परदेशचें. घराची चौकशी झाल्यावांचून मूल नाहीं. आणि मुलाच्या जिवावर नफा कोणासही नाहीं. १९९३ च्या हेग येथील आंतरराष्ट्रीय करारास भारतानें २००३ सालीं संमति दिली. मूल स्वेच्छेनें सोंपविणाऱ्या आईस फेरविचारासाठीं साठ दिवस मिळतात, तेही याच विचारानें. जेथें हा विचार पाळला गेला नाहीं, तेथील फळ उघड आहे. हॉलंडमध्यें २०२१ सालीं एका चौकशी समितीनें मागील काळांतील खोटे कागद व पळविलेलीं मुलें यांचा पाढा वाचला, आणि तेथील सरकारनें परदेशांतून नवीं मुलें आणणें थांबविलें.

दुसऱ्या बाजूस उजळ उदाहरणही आहे. १९७९ सालीं मुंबईचे हरेन स्थळेकर व त्यांच्या इंग्रज पत्नी स्यू मुलगा दत्तक घ्यावा म्हणून पुण्याच्या ससून रुग्णालयाजवळील 'श्रीवत्स' संस्थेंत आलीं, आणि तीन आठवड्यांची एक मुलगी घेऊन परतलीं. तीच पुढें ऑस्ट्रेलियाच्या महिला क्रिकेट संघाची कर्णधार झालेली लिसा स्थळेकर. एकदिवसीय सामन्यांत हजार धांवा व शंभर बळी या दोहोंचा पल्ला गांठणारी ती पहिली स्त्री. प्रौढपणीं ती त्या संस्थेस भेट देऊन गेली. जेथून नेलें तें ठिकाण मुलापासून लपविलें नाहीं, म्हणूनच असें परत येणें घडतें.

आषाढाच्या आरंभीं आदेश मिळाला. मग पारपत्र, कराराप्रमाणें झालेल्या दत्तकाचें प्रमाणपत्र, प्रवासाचा परवाना, असें एकामागून एक झालें. निघतांना सूनबाईनें मैंदर्गीची मूठभर छायाचित्रें, आश्रमाच्या दाराचें एक चित्र, आणि मातोश्रींचें लुगडें पेटींत घातलें. मुलीची खुशाली दोन वर्षेंपर्यंत अहवालानें कळवावी लागते. पहिल्या वर्षीं तिमाहीस, दुसऱ्या वर्षीं सहामाहीस. पण आम्हांस येतें तें पत्र निराळें. दुसरी शस्त्रक्रिया नीट पार पडली. मुलगी आतां इंग्रजी बोलते. मात्र झोंपतांना जें पांघरूण मागते, त्यास ती अद्याप 'पदर'च म्हणते.

हें लिहिण्याचें एक कारण सांगून थांबतों. आमच्याच नात्यांत दोन दांपत्यें दत्तकासाठीं नांव नोंदवून बसलीं आहेत. दोघांचीही अट एकच: तान्हें व निर्दोष बाळ हवें. असें बाळ मागणारे पुष्कळ, म्हणून त्यांना वर्षानुवर्षें थांबावें लागतें. आणि शिवलेल्या ओठाची अडीच वर्षांची मुलगी मात्र तेथेंच खांबाला धरून उभी राहते. त्यांपैकीं एका घरीं जाऊन आम्हीं परवां ही सर्व हकीकत सांगितली. घरच्या वडील बाईंनीं ती शेवटपर्यंत ऐकून घेतली, आणि मग विचारलें, "ओठाची शस्त्रक्रिया पुण्यास होते का हो?"