घोरपड फळे खाते का?

मागच्या उन्हाळ्यात एका गावी चिकूच्या बागेत शेतकऱ्यांची बैठक होती. बैठक उठताना एक वयस्कर बागायतदार म्हणाले, "साहेब, रोज झाडाखाली घोरपड दिसते अन् फळं कुरतडलेली असतात. तीच खात असणार. मारून टाकू का?" चारचौघांनी माना डोलावल्या. प्रश्न साधा आहे, पण उत्तर चुकले तर निरपराध जनावराचा जीव जातो आणि मारणाऱ्यालाही तुरुंग दिसतो. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

फळे खाणारी घोरपड जगात आहे, पण ती आपल्याकडे नाही. ती फिलिपाईन्स देशात आहे. तेथील लुझॉन बेटाच्या दक्षिणेकडे 'बुताआन' नावाची घोरपड आढळते. अमेरिकन शास्त्रज्ञ वॉल्टर ऑफेनबर्ग यांनी तिच्यावर १९८८ साली ग्रंथ लिहिला. केवड्याच्या कुळातील व इतर जंगली झाडांची पिकलेली फळे हे तिचे मुख्य खाणे, जोडीला गोगलगायी आणि खेकडे. पुढे २००१ साली पनाय बेटावरची 'मबितांग' आणि २०१० साली उत्तर लुझॉनमधली 'बितातावा' या जातींची शास्त्रात नोंद झाली. बितातावा दोन मीटरपर्यंत वाढते. तेथील आदिवासींना ती आधीपासून ठाऊक होती, शास्त्रज्ञांना उशिरा कळली. या घोरपडी फळ खातात आणि बी विष्ठेतून दूर टाकतात, म्हणजे जंगलाची पेरणीच करतात. मुख्यत्वे फळांवर जगणाऱ्या जाती जगात एवढ्या तीनच माहीत आहेत.

आता आपली घोरपड. हिच्यावरही ऑफेनबर्ग यांनी १९९४ साली ग्रंथ लिहिला आहे. हिचे खाणे म्हणजे भुंगेरे, अळ्या, नाकतोडे, खेकडे, गोगलगायी, बेडूक, उंदीर, अंडी आणि मेलेली जनावरे. पालापाचोळा उकरून ती किडे शोधते. गळालेल्या फळांभोवती किडे जमतात, म्हणून ती झाडाखाली दिसते. संधी मिळाली तर कोंबडीची अंडी-पिल्ले पळवते, हे खरे. त्याला उपाय म्हणजे खुराडे पक्के करणे. पण उसातल्या हुमणीने हैराण झालेल्या शेतकऱ्याने तरी भुंगेरे खाणाऱ्या जनावरावर काठी उचलू नये.

मग फळे खातो कोण? दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही त्याच बागेत फिरलो. झाडाखाली चावून थुंकलेल्या चोथ्याच्या गोळ्या पडल्या होत्या. ही वटवाघळांची खूण. विष्ठेत अख्ख्या बिया दिसल्या तर उदमांजराचा संशय घ्यावा. फळ तयार होताच वेळेवर उतरवावे, गळालेली फळे रोज वेचून पुरावीत. त्याने फळमाशीलाही आळा बसतो.

सरपंच व पोलीस पाटील यांनीही ध्यानात ठेवावे : वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत घोरपड आहे. मारणे, पकडणे, मांस किंवा अवयव विकणे गुन्हा आहे. शिक्षा तीन ते सात वर्षे कैद व दंड. बाजारात 'हत्ताजोडी' म्हणून जी मुळी विकतात, ती बहुधा नर घोरपडीचे वाळवलेले जननेंद्रिय असते. ती बाळगणेही अंगाशी येते. घरात घोरपड शिरली तर वनरक्षकाला कळवावे.

चोथ्याची गोळी हातात घेऊन ते बागायतदार म्हणाले, "म्हणजे चोर रातचा, अन् मार दिवसा दिसणाऱ्याला!" बागेत घोरपड दिसली तर त्यांचे हे वाक्य आठवावे.