डी.एल.एड. झालं, आता पसंतीक्रम घरात ठरवा

मुचकुंदी नदी समुद्राला मिळते तिथं पूर्णगड वसलं आहे. अशा किनाऱ्यावरच्या गावांत मुलगा कमवायला आखातात जातो आणि मुलगी डी.एल.एड. किंवा बी.एड. करते, हे आपल्या घरांतून आता नेहमीचं झालं आहे. निकाल लागतो, पेढे वाटले जातात आणि मग घरातला प्रत्येक जण विचारू लागतो, "नोकरी कधी लागणार?" या प्रश्नाचं उत्तर एकट्या मुलीकडं नसतं, घरच्यांकडंही असतं, असं आम्हाला वाटतं.

आधी वाट समजून घेऊ. पहिली ते आठवीला शिकवायचं तर टीईटी किंवा केंद्राची सीटीईटी उत्तीर्ण व्हावं लागतं. टीईटी १५० गुणांची असते, खुल्या प्रवर्गाला त्यात ६० टक्के लागतात. प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं. बी.एड. झालेल्यांनी एक लक्षात ठेवावं. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०२३ च्या निकालानुसार पहिली ते पाचवीसाठी बी.एड. ही पात्रता धरली जात नाही, तिथं डी.एल.एड.च हवं.

त्यानंतर येते टेट, म्हणजे अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी. दोन तासांत २०० प्रश्न सोडवायचे असतात. तिच्या गुणांवर पवित्र पोर्टलवरून जिल्हा परिषदेच्या जागा भरल्या जातात. ही चाचणी दरवर्षी होत नाही. डिसेंबर २०१७ नंतर ती थेट फेब्रुवारी-मार्च २०२३ मध्ये झाली आणि मग मे-जून २०२५ मध्ये. एक संधी हुकली तर वर्षं जातात. म्हणून जाहिरातीची वाट न पाहता रोज दोन तास सराव व्हायला हवा. त्या वेळात तिला घरकामाला हाक मारू नये, एवढं घरच्यांनी पाळावं.

खरी कसोटी पसंतीक्रम भरताना लागते. जागा रत्नागिरीत निघेल तशी नंदुरबार किंवा गडचिरोलीतही निघेल. उर्दू माध्यमाच्या जागा तर मोजक्याच जिल्ह्यांत असतात. मुलगी घाईत सगळे जिल्हे भरते, निवड लांबची होते आणि मग घरात सूर निघतो, "एवढ्या लांब एकटी कशी राहणार?" हातात आलेली नोकरी तिथंच सुटते. ही चर्चा अर्ज भरण्याआधी करा. कुठं नातेवाईक आहेत, कुठं भाड्यानं खोली मिळेल, सुरुवातीला सोबत कोण जाईल, हे ठरवा. पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून काम करावं लागतं. जानेवारी २०२३ पासून प्राथमिकला महिना १६,००० रुपये मानधन आहे. त्यात खोलीभाडं आणि जाण्या-येण्याचा खर्च बसतो का, याचा हिशेब कागदावर मांडा. जिल्हा बदलून मिळणं सोपं नसतं. लग्नाची बोलणी चालू असतील तर समोरच्या मंडळींनाही हे आधीच सांगावं.

आपल्या अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा हा दुसरा मार्ग आहे. त्यांच्या जाहिराती वर्तमानपत्रांत येतात. या शाळांना टीईटी लागू आहे की नाही, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयानं १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात मोठ्या पीठाकडं सोपवला. तरीही टीईटी करून ठेवावी, ती वाया जात नाही.

जागेसाठी कुणी 'देणगी' मागितली तर दागिने मोडू नका, कर्ज काढू नका. लाच देणंही आपल्याकडं नाजायज आहे, आणि जागा मंजूर नसेल तर पैसेही जातात, नोकरीही मिळत नाही.

जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, अधिवासाचा दाखला आजच काढून ठेवा. आधार, दहावीचं प्रमाणपत्र आणि पदविका यांवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतं का, तेही पाहा. आपल्याकडं 'शेख' आणि 'शैख' एवढ्या फरकावरही काम अडू शकतं. मुलीनं अभ्यास करावा, दाखल्यांसाठी तहसीलच्या खेपा बाप-भावानं घालाव्यात. एवढी वाटणी झाली तरी तिचं अर्धं ओझं उतरेल.